गरम हौदातली जागा

रविवारी सकाळी माझी घरमालकीण को-आजी खालच्या मजल्यावरून जिन्याच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवायची. मग मी आंघोळीची टोपली उचलून खाली उतरायचे. टोपलीत शाम्पू, दातांचा ब्रश आणि पाठ घासायचा हिरवा खरखरीत हातमोजा. गल्ली उतरताना सोहो बाजारातल्या मासळीचा आणि मुळ्याच्या पाल्याच्या गरम कालवणाचा वास वर यायचा. पुढे, बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या धक्क्याच्या अलीकडे, दोंगबेक या सार्वजनिक न्हाणीचं विटांचं धुराडं दिसायचं. धूर सरळ वर जात असला, तर आजी म्हणायची, आज समुद्र शांत आहे.

मी मिरजेची. समुद्राशी संबंध फक्त कागदावरचा. जहाजात किती माल कुठे भरला तर ते पाण्यात किती बसेल, कलेल का, कललं तर सावरेल का, हे गणित मी पोटासाठी करते. दक्षिण कोरियात कोजे बेटावरच्या एका गोदीत नोकरी लागली, तेव्हा पुलाच्या अलीकडे थोंगयंगमध्ये खोली स्वस्त होती म्हणून को ओकनानच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आले आणि तिथेच राहिले. कोरियन मी आजीकडून शिकले. ऑफिसातले म्हणतात, माझ्या बोलण्याला मासळीबाजाराचा वास येतो.

न्हाणीत जायला सुरुवातीला मला फार लाज वाटायची. आजीनं ती एका वाक्यात घालवली. "तुझ्याकडे असं वेगळं काय आहे गं, की बायांनी डोळे फाडून बघावं?" खरंच कोणी बघत नव्हतं. वाफेत प्रत्येकीला आपापलं काम असायचं. बुटक्या स्टुलावर बसून अंग घासायचं, वाडग्यानं पाणी ओतायचं, हौदात उतरायचं, पुन्हा बाहेर येऊन घासायचं. शेजारी अनोळखी बाई असली, तरी ती सहज विचारायची, पाठ घासून देऊ का? तिनं आपली घासली की आपण तिची घासायची. त्यात ओळख लागत नाही.

माझी पाठ आजी घासायची. तरुणपणापासून समुद्रात बुड्या मारून कालवं आणि शेवाळं काढणारी बाई ती, पंजे वल्ह्यासारखे. कातडीच्या राखाडी वळ्या सुटायला लागल्या की ती शेजारणींना दाखवायची, "बघा, इंजिनिअर आहे म्हणे. शेत आहे नुसतं."

पण स्वतःच्या पाठीला मात्र ती कोणाला हात लावू द्यायची नाही. लांब टॉवेल तिरका धरून स्वतःच कशीबशी ओढायची. पैसे घेऊन अंग घासून देणारी जोंगसुक न्हाणीतच काम करायची. तीही फुकट घासून द्यायला तयार होती. आजीचं उत्तर ठरलेलं: "माझ्या पाठीला माणूस आहे." मला वाटायचं, ही जेजू बेटावरची काहीतरी म्हण असेल. आजी मूळची तिकडची.

त्या जानेवारीत थंडी जास्त होती. बंदरातल्या होड्यांचे दोर लाकडासारखे कडक झाले होते. एका रविवारी आम्ही पाचजणी गरम हौदात बसलो होतो. निळ्या फरशीचा चौकोनी हौद; पाणी बरोब्बर काठाशी. काठाबाहेर बारीक पन्हळ होती. आत कोणी उतरलं की तेवढं पाणी काठावरून पन्हळीत सांडायचं, मग सगळं शांत. धंद्यामुळे माझं लक्ष नेहमी काठाकडे असतं. बाई लठ्ठ की बारीक, हे मी डोळे मिटूनही सांडण्याच्या आवाजावरून ओळखायला शिकले होते. तो माझा रविवारचा खेळ होता.

त्या सकाळी मी डोळे मिटूनच बसले होते. पाणी सांडलं. बारीक बाई. पुन्हा सांडलं. पुन्हा. पाच-सहाजणी एकामागून एक उतरल्या असतील असा हिशोब केला आणि मला आश्चर्य वाटलं, कारण एवढ्या बायका आत आल्याचा दाराचा आवाज झाला नव्हता. डोळे उघडले. हौदात आम्ही पाचजणीच होतो.

बाकीच्या चौघी मात्र हलल्या होत्या. समोरच्या दोघींनी गुडघे पोटाशी घेतले होते. कोपऱ्यातली फुलवाली उठून पायरीवर बसली होती. आजी माझ्याकडे सरकली. "सर गं जरा," ती म्हणाली. मी सरकले. आता आमच्या मधेमधे मोकळ्या जागा होत्या, आणि त्या जागांकडे कोणी बघत नव्हतं.

मग माझ्या पोटरीला काहीतरी थंड लागलं. हिवाळ्यात कोणी बाहेरून येऊन आपल्या पांघरुणात पाय सरकवावेत, तसं. मी पाय ओढून घेतला. भिंतीवरच्या तापमानाच्या तांबड्या आकड्यांकडे पाहिलं. आम्ही उतरलो तेव्हा बेचाळीस होतं. आता एकोणचाळीस.

घरी जाताना मी आजीला म्हटलं की न्हाणीतल्या हौदाची झडप बिघडलेली दिसते. ती म्हणाली, असेल.

झडपेचा संशय फक्त मलाच नव्हता. न्हाणीचे मालक बांगकाका तिकिटाच्या खिडकीत दिवसभर टीव्हीवर सोंगट्यांचे सामने बघत बसायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला थांबवलं. रविवारी बायकांच्या बाजूचा गरम हौद अचानक थंड होतो, बंब धावून धावून दमतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसं बोलावून झाली, कोणाला काही सापडलं नाही. मुलगा मागे लागला होता, न्हाणी बंद करू, निळ्या फरशा तशाच ठेवून कॉफीचं दुकान काढू. हल्ली लोकांना असलं आवडतं. दोष सापडून दुरुस्त झाला, तर मुलाला दोन वर्षं तरी गप्प बसवता येईल, असं काका म्हणाले. "तू जहाजं बघतेस. आमचा हौद म्हणजे उलटं जहाजच की. पाणी आत, कोरडं बाहेर."

मला ती न्हाणी हवी होती. या देशात माझ्या पाठीला माणसाचा हात लागण्याची तेवढी एकच जागा होती. मी हो म्हटलं.

मंगळवारी न्हाणी बंद असते. रजा टाकून मी रिकाम्या हौदात उतरले. फरशीचे सांधे पाहिले, नळ पाहिले, झडप उघडून पाहिली. सगळं ठीक होतं. पाणी भरून सकाळभर काठावर बसून राहिले. थेंबभर सांडलं नाही, आकडा हलला नाही. मग येत्या रविवारी हौदात येणारं पाणी तळघरातून पूर्ण बंद ठेवा, असं मी काकांना सांगितलं. पाणी आत येणारच नसेल, तर बाहेर सांडायलाही नको.

रविवारी पाणी बंद होतं. मी स्वतः चाक फिरवून वर आले होते. बायका उतरल्या, पाणी सांडलं, स्थिर झालं. जोंगसुकच्या हाताच्या चापट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. बंदरात बोटीचा भोंगा झाला.

आणि काठावरून पाणी सांडायला लागलं.

बायका सरकल्या. मीही सरकले. आकडा एकेक करून उतरला. पाण्याला किंचित खारा वास आला, ओल्या दोराचा आणि शेवाळाचा. या वेळी मी पाय ओढून घेतला नाही. माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर, पाण्याच्या पृष्ठभागाला एक गोल खळगा पडला होता, मानेभोवती पडतो तसा. तो हळूहळू श्वास घेत होता. म्हणजे पाणी तिथे थोडं चढत होतं, थोडं उतरत होतं. दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग पाणी उतरलं. काठापासून चांगलं चार बोटं खाली गेलं. एकही बाई बाहेर पडली नव्हती. मी तो ओला पट्टा बघत राहिले. पाणी किती सरलं यावरून आत काय आहे ते सांगायचं, हेच मी आयुष्यभर करत आले होते. इथे उत्तर समोर होतं. ते मान्य करायला माझ्याकडे धीर नव्हता, एवढंच.

जोंगसुकला मी गाठलं तेव्हा ती थंड काढा पीत बसली होती. झडप ठीक आहे, नळ बंद होता, मग हे काय, असं विचारलं. तिनं बर्फाचा खडा कडकडून चावला. म्हणाली, तिच्या आधी इथे जी घासणारी होती, तिनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हौदात कोण बसलंय ते मोजायचं नाही. जागा असली तर द्यायची. थंडीतून आलेल्या बाईला कोणी विचारतं का, तू कोण म्हणून?"

त्या दुपारी आजीनं आपणहून सांगितलं. आम्ही बाजारात कालवण पीत होतो. बोलताना ती वाडग्यातच बघत होती. जेजूहून ती आणि तिची धाकटी बहीण ओकसुन दोघी इथे बुड्या मारायला आल्या. सहा-सात बायका एका होडीतून बाहेरच्या बेटांकडे जायच्या. तेव्हा अंगात नुसतं सुती कापड असायचं. हिवाळ्यात परत येईपर्यंत ओठ काळे पडायचे, जीभ वळायची नाही, आणि होडीतून उतरल्या की त्या तडक दोंगबेकमध्ये येऊन हौदात शिरायच्या. एका सकाळी आजी तापानं फणफणली होती म्हणून घरी राहिली. समुद्र शांत होता, वारा नव्हता. होडी बंदराच्या टोकाला वळसा घालून गेली, आणि मग कोणालाच ती दिसली नाही. फळकूट नाही, विसाव्याला धरायचा भोपळ्याचा तरंडा नाही, काहीच वर आलं नाही.

मी विचारलं, ती बहीण येते का हौदात? आजी म्हणाली, डोळ्यांनी तर कोणी दिसत नाही. आणि पोटरीला लागलेल्या पायावरून माणूस ओळखू येत नाही. मग तिनं माझ्या वाडग्यात आपल्या वाटणीची कालवं घातली आणि म्हणाली, खा, निवतंय.

बांगकाकांना मी खरं तेच सांगितलं, फक्त अर्धं. झडप ठीक आहे, हौद गळत नाही, बंबातही खोट नाही. काकांनी सामन्याचा आवाज बंद केला.

"मग थंड कशानं होतो?"

"थंड बायका येतात म्हणून, काका."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते बराच वेळ खिडकीच्या काचेवरची वाफ बोटानं पुसत राहिले. बायकांच्या बाजूला त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. मग म्हणाले, त्यांची आई मरेपर्यंत एकच बजावत होती, समुद्र कितीही शांत असला तरी विस्तव कमी करू नको. ते तिला वेडी म्हणायचे. त्यांनी मुलाशी पुन्हा बोलून पाहिलं. मुलानं ऐकलं नाही. सोल्लालच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, आधीचा रविवार हा न्हाणीचा शेवटचा ठरला.

नव्या वर्षात जुना मळ घेऊन जायचं नाही, म्हणून सोल्लालआधी सगळा गाव न्हायला येतो. आपल्याकडे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची घाई असते, तशी. त्या दिवशी न्हाणीत पाय ठेवायला जागा नव्हती. नातींना घेऊन आलेल्या आज्या, बाजारातल्या मासेवाल्या, पुसानहून सुटीवर आलेल्या सुना. काचेच्या विटांतून उजेड आत येत होता आणि वाफ त्यात दुधासारखी दिसत होती. गोंगाट एवढा, की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये.

मला नवल एकाच गोष्टीचं वाटलं. एवढ्या गर्दीत स्टुलं कमी पडत होती, बायका फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या. तरी मधल्या रांगेत एकाआड एक स्टूल रिकामं होतं. जोंगसुकनं प्रत्येक रिकाम्या स्टुलावर गरम पाणी ओतून ठेवलं होतं. लहान पोरीही त्यावर बसत नव्हत्या.

पाणी सांडल्याचा आवाज मी ऐकला. गोंगाट थांबला. कोणी थांबवला नाही. तो आपोआप ओसरला, जसा मोठी माणसं आत आल्यावर ओसरतो. हौदात या वेळी कोणीच बसलं नव्हतं. अख्खा हौद मोकळा ठेवला होता. पाणी चारही काठांवरून सांडत होतं.

आकडा अडतीसवर आला. सदतीस. तळघरात बंब घरघरत होता. काकांनी विस्तव वाढवला असणार. आकडा थांबला. मग चढू लागला. आम्ही सगळ्या उभ्याउभ्या त्या आकड्याकडे बघत होतो, घरातल्या कोणाचा ताप उतरताना बघतात तसं. बेचाळीस झाल्यावर कोणीतरी श्वास सोडला.

पाणी काठाखाली गेलं.

फरशीवर काही उमटलं नाही. पण जवळच्या बायकांनी वाट दिली, आणि दोन नाती आज्यांच्या मागे दडल्या.

"बसा गं," जोंगसुक म्हणाली. "उल्का, तूही."

मी एका रिकाम्या स्टुलामागे बसले. हातमोजा चढवला. बाकीच्या बायका हात पुढे करून घासायला लागल्या होत्या, लांब, खालपर्यंत, रोजच्यासारख्या. मला वाटलं, हे करायचं म्हणून करतात. एक रीत आहे. मीही हात पुढे केला.

हात अडला.

समोर पाठ होती. दिसत काही नव्हतं. पलीकडच्या भिंतीची निळी फरशी स्पष्ट दिसत होती. पण मोज्याखाली पाठीचे मणके होते, दोन बाजूंना बरगड्या होत्या. अरुंद, तरुण पाठ. मी दुसरा, उघडा हात टेकवला. कातडी बर्फासारखी होती आणि तिच्यावर काटा आला होता. थंडीचा काटा. तळव्याला एकेक दाणा लागत होता.

माझी भीती तिथेच गेली. कुडकुडणाऱ्या माणसाला माणूस घाबरू शकत नाही, एवढंच असेल.

मी घासलं. हलक्या हातानं, मग आजी घासते तसं जोर लावून. वाडगं भरून गरम पाणी ओतलं. पाणी हवेत अडलं, दोन खांद्यांवरून वाहिलं, कण्यावरून खाली आलं. पुन्हा घासलं, पुन्हा ओतलं. मोज्यातून बारीक वाळू पडत होती.

हळूहळू काटा बसला. कातडी मऊ झाली.

मग ती ऊब आली. माझ्या हाताची नाही, आतून आलेली. जिवंत माणसाला येते तशी.

मी रडत होते. शेजारची फुलवालीही. आवाज कोणाचाच येत नव्हता.

तेव्हा मी आजीकडे पाहिलं. रांगेच्या टोकाला ती स्टुलावर बसली होती. तिच्यासमोर कोणी नव्हतं. रिकामं स्टूल तिच्या मागे होतं.

तिनं पाठ वळवून दिली होती.

तिच्या म्हाताऱ्या, डागांच्या पाठीवर तांबडे पट्टे उमटत होते. वरून खाली. एक उमटायचा, मग शेजारी दुसरा. मागे कोणी नव्हतं. आजीनं डोळे मिटले होते. मधेच ती खांदा थोडा वळवायची, घासणाऱ्याला सोयीचं व्हावं म्हणून.

थोड्या वेळानं माझ्या हाताखाली काही उरलं नाही.

बायका उठल्या. प्रत्येकीनं आपापल्या जागेवरची वाळू वाडग्यात भरून घेतली, अंग पुसलं, कपडे केले. गोंगाट पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा हळू. बाहेर काका खिडकीत उभे होते. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. प्रत्येकीला वाकून नमस्कार केला. वाळू आम्ही धक्क्यावरून पाण्यात सोडली. ऊन पडलं होतं. समुद्र सपाट होता. मी कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याची गणितं केली, त्याच्यासमोर पहिल्यांदाच उभी असल्यासारखी.

चढ चढताना आजीनं माझा दंड धरला होता. घरी आल्यावर म्हणाली, पाठ चुरचुरते आहे, मलम लाव. तिनं सदरा वर केला. मी खिडकीच्या उजेडात तिची पाठ पाहिली. तांबडे पट्टे खांद्यांच्या हाडापर्यंतच गेले होते. त्याच्या वर, मानेखाली, रुंद जागा तशीच राहिली होती, सुरकुतलेली, फिकट, हात न लागलेली.

मी म्हटलं, आजी, वरचं राहिलं आहे.

"तिचा हात पोचत नाही तिथवर," आजी म्हणाली. "कधीच पोचायचा नाही. नेहमी ओरडायची माझ्यावर, ताई, मान खाली घाल. मी विसरलेच."

मलम पसरताना तिचं अंग माझ्या बोटांना कढत लागत होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. धुराड्यातून आता धूर येत नव्हता.

"पुढच्या वेळी वाकेन," ती म्हणाली.